जांभ्याच्या कौलारू घरापुढे दुपाखी पोर्च जोडताना

तुम्ही दिलेली मापं: जांभ्याचं घर, मंगळुरी कौलं, वळचण (छपराची खालची कड) 8 फुटांवर, पोर्च 12 फूट रुंद आणि 10 फूट पुढे. सुतार म्हणतो एकपाखीच, म्हणजे घरापासून पुढे एकाच उताराचं छप्पर, उतरवू; तुम्हाला दुपाखी, म्हणजे मधल्या आढ्यापासून दोन बाजूंना उतरणारं छप्पर, हवं आहे.

दुपाखीच करा, आणि कारण निव्वळ हिशेबाचं आहे. कोकणच्या पावसात मंगळुरी कौलाला 30 अंशांच्या आसपास उतार हवा. त्या उताराने एकपाखी 10 फूट पुढे नेली की ती पावणेसहा फूट खाली येते, म्हणजे कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. कोंबड्यांची सोय होईल. उतार कमी केलात तर वाऱ्याचा पाऊस कौलांच्या सांध्यातून आत घुसतो.

दुपाखीत आढं (दोन उतार वर मिळतात ते लाकूड) आडवंच बाहेर जातं. तुमच्या मापात ते वळचणीपेक्षा साडेतीन फूट वर येईल, म्हणजे भिंतीला टेकणार नाही, घराच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, चढेल. घराचा आणि पोर्चचा उतार सारखा ठेवलात तर ते वळचणीपासून 6 फूट आत घराच्या पाख्याला मिळेल. तिथली कौलं आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) काढा, पण जुने वासे (उताराच्या दिशेची लाकडं) कापू देऊ नका. आढ्याचं टोक आडव्या तुळईवर घेऊन भार तीन-चार वाशांवर वाटा. वाळवीने पोखरलेला वासा दिसला तर तो आधी बदला.

खरी परीक्षा आहे दोन पाखे मिळतात त्या पन्हळीची. घराचा पाखा वळचणीपासून आढ्यापर्यंत आडव्या मापाने 15 फूट धरा. पोर्चच्या रुंदीएवढ्या त्या पट्ट्यात 100 मिमी पाऊस पडला की दीड हजार लिटरच्या वर पाणी या दोनच पन्हळींतून उतरणार. आपल्याकडे जुलैत असे दिवस काही दुर्मीळ नाहीत. गवंडी सांगेल, सिमेंटने सांधा भरून टाकू. ऐकू नका. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात चीर पडते. सांध्याखाली सलग फळ्या ठोकून त्यावर दोन फूट रुंदीचा ॲल्युमिनियम किंवा जस्ती पत्रा घाला. दोन्ही कडा वर वळवलेल्या हव्यात, म्हणजे उसळलेलं पाणी लाकडावर जात नाही. जोड द्यावाच लागला तर वरचा पत्रा खालच्यावर चांगला वीतभर चढवा. मधोमध एकही खिळा नको. कौलं ग्राइंडरने तिरकी कापा आणि मध्ये चार-पाच इंच पत्रा उघडा ठेवा. फट अरुंद असली की आंब्या-फणसाची पानं अडकतात आणि पाणी कौलाखाली तुंबतं. हे सगळं पाणी पोर्चच्या आतल्या दोन कोपऱ्यांत, जोत्यालगत पडेल, तेव्हा तिथून गटार काढायला विसरू नका.

भिंतीला तुळई लटकवू नका. मऊ जांभ्यात फुगणारे बोल्ट धरत नाहीत, दगड आतून भुसभुशीत होतो. भिंतीलगतही दोन खांब स्वतंत्र पायावर घ्या. लाकडी खांब जमिनीत पुरायचे नाहीत, दगडी किंवा काँक्रीटच्या उथळ्यावर (खांबाखालच्या बैठकीवर) ठेवा.

तिन्ही बाजूंनी उघडं छप्पर वाऱ्याला खालून सापडतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे किती छपरं उडाली ते आठवा. तुळई खांबाला आणि वासा तुळईला लोखंडी पट्टीने बांधा, नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. कडेच्या रांगांची कौलं रिपांना तारेने बांधली तर उत्तम. (वानरांवर मात्र याचा काही इलाज नाही.)

कौलं घ्यायच्या आधी घरावरचं एक उतरवून मागचा छाप बघा. वेगळ्या कारखान्याची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. पडलेल्या जुन्या घरांची त्याच छापाची मिळाली तर तीच घ्या, आणि कापताना फुटतात म्हणून थोडी जास्तच आणा.

ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा. घरावरची कौलं उतरवायचं काम एप्रिलअखेर आटपेल असं बघा. मे महिन्यात वळीव कधीही येतो, आणि मृगाच्या तोंडावर सुतार कोणालाच मिळत नाही.