जुना भाग सोडला तरी त्याची ओढ का जात नाही? झाडांमुळे की नुसती सवय?

तुम्ही लिहिलंय की नवीन घर मोठं, सोयीचं, तरी मन जुन्या गल्लीतच अडकलंय आणि तिथे तर चार झाडं नि एक छोटी बाग सोडून काहीच नव्हतं. अहो, मग त्या बागेतच सगळी गोम आहे ना!

दिवसभर स्क्रीन, ट्रॅफिक, फोन, या सगळ्यात आपण लक्ष जबरदस्तीने धरून ठेवतो आणि ते दमतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने १९८९ च्या पुस्तकात हेच मांडलंय, की हलणारी पानं, ढग, पाणी असल्या गोष्टींकडे लक्ष आपसूक जातं, जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्यात दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो. हे रोज एकाच जागी घडलं की ती जागा आपली वाटायला लागते. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ कालेवी कोर्पेला यांनी लोकांना त्यांच्या आवडत्या जागांबद्दल विचारलं तर हेच निघालं, लोक मन ठिकाणावर आणायला तिथे जातात. माझंच सांगतो, घरात वाद झाला की मी कचरा टाकायच्या निमित्ताने सटकायचो आणि कोपऱ्यावरच्या झाडाखाली दहा मिनिटं नुसता उभा राहायचो. घर सोडल्यावर खोल्या कधी आठवल्या नाहीत, ते झाड मात्र आठवतं.

पण नुसती झाडंच नाही हं, गल्लीतली माणसंही असतात. डोनाल्ड ॲपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते तपासले होते, दिवसाला साधारण २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला गल्लीत सरासरी ३ मित्र आणि १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९! शिवाय गर्दीच्या रस्त्यावरचे लोक 'माझं' म्हणून जेमतेम स्वतःची बिल्डिंग दाखवायचे, शांत रस्त्यावरचे अख्खी गल्ली.

आणि सवयीचं म्हणाल तर तीही आहेच, कारण हे उलटंही चालतं, जिथे जीव जडलाय तिथेच जास्त निवांत वाटतं, त्यामुळे नवीन बाग कितीही छान असली तरी सुरुवातीला परकीच वाटणार. फक्त ती पायी जाण्याइतकी जवळ हवी, गाडी काढून जावं लागलं की दोन आठवड्यांत जाणं बंद होतं. तिथला एकच बाक धरा आणि महिनाभर रोज ठरलेल्या वेळेला जाऊन बसा, फोन घरी ठेवून.