सीटच्या रुळाचे तुटलेले स्टड बदलताना

तुटलेला स्टड (रुळात पक्का बसवलेला, नट लावायचा आटेवाला दांडा) दिसला की लगेच ड्रिल हातात घेऊ नका. आधी रूळ गाडीतून काढा, उलटा करा आणि स्टड कसा बसवलाय ते पाहा. दाबून बसवलेल्याच्या माथ्याखाली दाते असतात. तो पंचने (ठोकायच्या पोलादी सळईने) ठोकून निघतो. वेल्ड केलेला असेल तर वेल्ड घासून सपाट करावा लागतो. ठोकताना खाली जाड नळीचा आधार द्या, नाहीतर रुळाचा पत्रा वाकतो आणि मग सीट सरकताना अडकते. वाकलेला रूळ सरळ करणं हे स्टड बदलण्यापेक्षा दसपट किचकट काम.

आटे मोजल्याशिवाय नवा स्टड घेऊ नका. इथेच बहुतेक जण फसतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि ८ मिमीचा स्टड नुसत्या नजरेला तसाच दिसतो. पण आटे वेगळे, त्यामुळे नट दोन फेरे जातो आणि अडकतो. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) वापरा, किंवा शाबूत स्टडवरचा नट नव्यावर हातानं फिरवून बघा.

साधा आटेवाला गज कापून वेल्ड करायचा मोह होईल. करू नका. अपघातात माणसाचा भार याच स्टडवर येतो. वेल्डिंग करायचंच तर त्यासाठीच बनवलेला स्टड घ्या, जस्ताचा थर आधी घासून काढा (त्याचा धूर वाईट), आणि रुळातलं ग्रीस, प्लॅस्टिकचे रोलर बाजूला ठेवा.

बसवताना चारही नट आधी सैल लावा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, मगच आवळा.