ऑनलाइन कौलाचा निकाल विश्वासार्ह कधी मानावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गावातले एसटी बसस्थानक बाहेरच्या वळणरस्त्यावर हलवावे का, यावर गावाच्या फेसबुक गटात कौल घेतला, ३,००० हून अधिक मते पडली, त्यांपैकी ७८ टक्के ‘हलवावे’ अशी होती, तरीही नगरपालिकेतले लोक त्याला किंमत देत नाहीत, मग ऑनलाइन कौलातून भरवशाचे काही निघूच शकत नाही का? निघू शकते, पण या कौलातून ते निघत नाही, आणि ३,००० च्या जागी ३०,००० मते पडली असती तरी निघाले नसते.

संख्येचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. करोनाच्या काळात अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांचा एक गट फेसबुकच्या साहाय्याने दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची ऑनलाइन पाहणी करत असे. २०२१ च्या मे महिन्यात, लशीची किमान एक मात्रा घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण या पाहणीने सरकारी नोंदींपेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवले. त्याच काळात जेमतेम हजार लोकांना विचारणाऱ्या, पण ते हजार जण काळजीपूर्वक निवडणाऱ्या अ‍ॅक्सिऑस-इप्सॉस या ऑनलाइन पाहणीचा आकडा मात्र नोंदींच्या जवळ राहिला. मोठ्या पाहणीत उत्तर द्यायला तयार झालेले लोक न झालेल्यांपेक्षा वेगळे होते, आणि आकडे दुरुस्त करताना वय व लिंग विचारात घेतले, पण लोकांचे शिक्षण विचारात घेतले नव्हते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. त्यातही वरवरचीच शिते उचलली, तर ती कितीही उचलली तरी तळाला भात लागला आहे हे कळत नाही.

आता तुमच्या गटाकडे पाहू. एसटीने खरोखर जाणारे-येणारे कोण? पास काढून कॉलेजला येणारी मुले, बाजाराच्या दिवशी निम्म्या तिकिटात येणाऱ्या आसपासच्या खेड्यांतील बाया, दवाखान्यासाठी येणारे म्हातारे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले असले, तरी ही दरी बुजली असे धरून चालता येणार नाही. उलट, पुण्यात किंवा दुबईत स्थायिक झालेले आणि दिवाळीला स्वतःच्या गाडीने येऊन चौकातल्या कोंडीत अडकणारे गावकरी अशा गटांत हमखास असतात. (त्यांची तक्रार खोटी नाही, पण बसस्थानक दोन किलोमीटर दूर गेल्यावर रिक्षाचे भाडे त्यांना द्यावे लागणार नाही.)

यावर मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे, माणसाने कौल शोधत येण्याऐवजी कौलाने माणूस निवडणे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर आपल्या ऑनलाइन पाहणीसाठी टपालाच्या पत्त्यांतून यादृच्छिक (सोडतीसारखी) निवड करून पत्रे पाठवते, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना टॅब्लेट पुरवत आले आहे. उत्तर ऑनलाइन येते, निवड मात्र ऑनलाइन होत नाही.

दुसरा मार्ग अवघड आहे : जे आपणहून आले त्यांचीच मते घ्यायची, पण प्रत्येकाची पुरेशी माहिती विचारून नंतर भारांकन करायचे, म्हणजे प्रत्येक गटाच्या मतांना त्याच्या खऱ्या वाट्याप्रमाणे कमी-जास्त वजन द्यायचे. २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची मते घेण्यात आली. त्यांतले ९३ टक्के पुरुष होते आणि तरुणांचा भरणा प्रचंड होता, त्यामुळे कच्च्या आकड्यांत रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी, जे प्रत्यक्षात ओबामांकडून हरले, सहज जिंकत होते. संशोधकांनी वय, लिंग, वंश, शिक्षण, राज्य, पक्ष आणि मागच्या निवडणुकीतले मत यांनुसार प्रतिसादकांचे बारीक गट पाडले आणि प्रत्येक गटाला मतदारांतल्या त्याच्या खऱ्या वाट्याइतकेच वजन दिले, तेव्हा अंदाज नामांकित चाचण्यांच्या तोडीचा निघाला. तुमच्या कौलात मात्र कोणाचे वय किंवा गाव विचारलेलेच नाही, त्यामुळे ही दुरुस्ती आता करता येणार नाही.

शिवाय भारांकनाला खोट्या उत्तरांवर इलाज नाही. आपणहून सहभागी होणाऱ्यांच्या एका पाहणीत प्यूने मुद्दाम विचारले, की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का. तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ असे ठोकून दिले! म्हणून प्रश्नावलीत असा एखादा सापळा ठेवावा, आणि एका व्यक्तीला एकदाच वापरता येईल अशी लिंक द्यावी.

तुमच्या गावापुरते मी असे करीन. मतदार यादी भागनिहाय मिळते आणि तिच्यात वय व लिंग नोंदलेले असते; गावाची आणि बसस्थानकावर अवलंबून असलेल्या खेड्यांची यादी घेऊन तिच्यातून सोडत पद्धतीने सुमारे ६०० नावे काढावीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना लिंक पाठवावी आणि बाकीच्यांकडे कार्यकर्त्याने घरी जाऊन तोच फॉर्म भरून घ्यावा. अठरा वर्षांखालील मुले यादीत नसतात, म्हणून पासधारक विद्यार्थ्यांची वेगळी पाहणी करून तिचा निकाल वेगळाच द्यावा. गेल्या आठवड्यात एसटीने किती वेळा प्रवास केला, हे प्रत्येकाला विचारावे. ‘कोंडी सोडवण्यासाठी बसस्थानक हलवावे का?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो. त्याऐवजी दोन्ही जागा, अंतर आणि तिथवरचे रिक्षाभाडे लिहून ‘यांपैकी कोणती जागा तुम्हाला सोयीची?’ असे विचारावे. मुदत संपेपर्यंत चालू आकडे कोणालाही दाखवू नयेत.

सहाशेंपैकी चारशे जणांनी उत्तर दिले, तर नमुन्यामुळे, म्हणजे सगळ्यांऐवजी निवडक लोकांनाच विचारल्यामुळे, येणारी चूक साधारण पाच टक्केबिंदू इकडे-तिकडे इतकी राहते; उरलेले दोनशे कोण होते, हे मात्र वेगळे तपासावे लागेल. नगरपालिकेला निकाल देताना किती जण निवडले, किती भेटले, किती जणांनी नकार दिला आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, हे पहिल्याच पानावर लिहा. फेसबुकवरच्या ३,००० मतांचा उल्लेख त्यात करू नका, पण त्या कौलाखालच्या प्रतिक्रिया जपून ठेवा; प्रश्नावलीत कोणते मुद्दे घ्यायचे, ते त्यांतून चांगले कळेल.