मोठ्या पदावर पोहोचूनही ‘आपण या लायकीच्या नाही’ असं वाटतं; संमोहनाने हे जाईल का?

ताई, डायरेक्टर झाल्यापासून ‘एक दिवस आपलं पितळ उघडं पडेल’ ही धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, पण हा आजार नाही. १९७८ साली पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून हे मांडलं. पदव्या, बढत्या सगळं हातात असूनही त्या यशाचं श्रेय नशिबाला देत होत्या.

संमोहनात तुम्ही झोपत नाही, शुद्धही हरपत नाही. लक्ष एकाग्र होतं, शरीर सैलावतं आणि सूचना मनात सहज रुजतात. बोर्डापुढे बोलण्याआधी छाती धडधडते तो प्रसंग त्या शांत अवस्थेत पुन्हा पुन्हा जगून बघता येतो. इथे त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र भक्कम पुरावे आहेत ते वेदना, आयबीएस (वारंवार पोट दुखणं, बिघडणं) अशा तक्रारींसाठी. इम्पोस्टरपणासाठी तसे नाहीत. म्हणून ‘तीन सेशनमध्ये आत्मविश्वास’ असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांबच राहा. संमोहन वापरणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा, सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, घ्या. पूर्वी सायकोसिसचा (भास होणं, वास्तवाचं भान सुटणं) त्रास झाला असेल तर संमोहन टाळा.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटतं ते. क्लॅन्स आणि आइम्स यांनी गटात बोलण्यावर भर दिला होता. तुमच्यासारख्याच दोघी-तिघी वरिष्ठ बायका गाठा आणि हे मोकळेपणाने बोला. आणि मीटिंगमध्ये तुमचं बोलणं सतत तोडलं जात असेल, तर ती शंका तुमच्या मनात बाहेरून पेरली जातेय. तिथे उपचार ऑफिसवर व्हायला हवेत.