सग्रादा फामिलियाला सकाळी जावं की दुपारी? आणि चर्चमध्ये दोन तास बघायचं काय?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, आईबाबांना घेऊन नागपूरहून बार्सिलोनाला जाताय. वडील बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि "एका चर्चमध्ये दोन तास काय बघायचं?" म्हणून अडून बसलेत. सकाळचं तिकीट काढावं की दुपारचं, हेही विचारलंय. मी आईसोबत जाऊन आले आहे. धरमपेठेत एका आरसीसी कन्सल्टंटकडे ड्रॉइंग करते, त्यामुळे तुमच्या वडिलांची बाजूही मला कळते.

तिकिटाचं आधी सांगते. नोव्हेंबर असेल तर दुपारी तीनच्या आसपासची वेळ घ्या.

सगळीकडे वाचायला मिळतं की सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो आणि दुपारनंतर पश्चिमेच्या काचांतून लाल-नारिंगी. खोटं नाही ते. पण नकाशा उघडून त्या भागातले रस्ते पाहा, सगळी चौकट जवळपास ४५ अंशांनी तिरकी आहे. म्हणजे जिला पूर्व म्हणतात ती बाजू खरं तर ईशान्येला तोंड करून आहे आणि पश्चिमेची नैऋत्येला. हिवाळ्यात सूर्य उगवतो आग्नेयेकडे, तो ईशान्येच्या भिंतीला जेमतेम शिवून पुढे जातो. नैऋत्येच्या काचांना मात्र दुपारी तो बरोबर समोर असतो, तोही आकाशात बराच खाली, त्यामुळे रंग थेट आतपर्यंत पोचतात. तुम्ही जूनमध्ये जात असता तर मी सकाळी नऊचं तिकीट काढा म्हटलं असतं.

अजून एक. आपल्याकडे वर्षभरात सूर्यास्त साडेपाच ते सात एवढाच सरकतो, म्हणून 'संध्याकाळ' म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरावीक वेळ असते. बार्सिलोनात तो जूनमध्ये साडेनऊच्या सुमारास होतो आणि नोव्हेंबरात साडेपाच-पावणेसहालाच. उन्हाळ्यात जाऊन आलेल्या कुणी "सहाला जा" सांगितलं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. ढग आले तर काय? रंग दिसतात, पण खांबांवर सांडत नाहीत. हवामान बघून आदल्या दिवशी तिकीट काढू म्हणाल तर हवी ती वेळ संपलेली असू शकते. तेवढा जुगार खेळावाच लागतो.

ऊन असलं तर मात्र बघत राहावं असं आहे. काचा जोआन विला-ग्राउ या कलाकाराच्या. १९९९ पासून पुढे बरीच वर्षं त्यांनी हे काम केलं. खालच्या काचा गडद आणि वरच्या फिकट, जवळजवळ पारदर्शक. मला आधी वाटलं बजेट संपलं असेल. तसं नाही, छतापर्यंत स्वच्छ उजेड पोचावा म्हणून मुद्दाम ठेवल्या आहेत. सगळा रंग खाली, माणसांच्या उंचीवर पडतो. आईचे पांढरे केस मेंदी लावल्यासारखे दिसायला लागले अन् ती माझ्याकडेच बघून हसत होती, कारण माझा चेहराही तसाच झाला होता.

आता बाबा.

त्यांना चर्च बघायला चला म्हणूच नका, साइट बघायला चला म्हणा. १९ मार्च १८८२ ला पायाभरणी झाली आणि काम अजून चालू आहे. पहिला आर्किटेक्ट वर्षभरात बाजूला झाला, १८८३ मध्ये अंतोनी गौदीनं सूत्रं घेतली आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेत जाईपर्यंत सोडली नाहीत. तो तिथेच तळघरात पुरला आहे. १९३६ मध्ये यादवी सुरू झाली तेव्हा त्याची कार्यशाळा जाळली गेली आणि प्लास्टरची मॉडेलं फोडली गेली. पुढच्या लोकांनी ते तुकडे जोडून जोडून त्याच्या मनात काय होतं ते शोधलं. बाबांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट : या इमारतीला महापालिकेची रीतसर बांधकाम परवानगी मिळाली ती २०१९ मध्ये, म्हणजे १३७ वर्षांनी. आरएल, म्हणजे नियमित झाल्याचं पत्र, नसलेल्या लेआउटमध्ये प्लॉट घेतलेल्या कुठल्याही नागपूरकराला हे ऐकून बरं वाटेल.

आत शिरल्यावर सगळे छताकडे बघून "जंगल, जंगल" करतात. खांब झाडासारखे आहेतच, वर जाऊन फांद्या फुटतात आणि त्या फांद्या छत उचलतात. पण माझं मत असं की ते झाडासारखं दिसतं हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं. कॅलेंडरवरची पानंफुलं कुणीही दगडात कोरू शकतो. गौदीनं झाडाकडून घेतलं ते उभं राहणं. जुन्या गॉथिक चर्चमध्ये छताचा जोर भिंती बाहेर ढकलतो, म्हणून बाहेरून मोठमोठे टेकू द्यावे लागतात. गौदी त्यांना कुबड्या म्हणायचा. त्यानं खांबच भाराच्या दिशेनं तिरपे केले आणि वर फांद्या काढल्या, म्हणजे छताच्या प्रत्येक तुकड्याचं वजन फांदीतून खोडात आणि खोडातून जमिनीत उतरतं. बाहेर टेकू लागतच नाहीत. मग भिंतींवर भार नाही, म्हणून भिंती काचेच्या करता आल्या, म्हणून तो रंगीत उजेड. बाबांना हे याच क्रमानं सांगा. मधला भाग ४५ मीटर उंच आहे, साधारण पंधरा मजले, आणि आईनं तिथे उभं राहून विचारलं होतं, "एवढ्या उंच छताला मधात एकही बीम कसा नाही गं?" तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या फांद्या आहेत.

खांबाला हात लावण्याइतकं जवळ उभं राहून वर नजर न्या. खाली तारेसारखे कोन असतात, वर जाताना ते कोन दोन्ही दिशांनी पिळत वाढत जातात आणि वरती खांब जवळजवळ गोल होतो. दगडही भाराप्रमाणे बदलतो. कमी वजन पेलणाऱ्या बाजूच्या खांबांना स्थानिक वालुकाश्म, मग ग्रॅनाइट, त्याहून जड कामाला काळा बेसाल्ट, आणि मधोमध सगळ्यात मोठ्या मनोऱ्यांखाली लालसर पॉर्फिरी. बेसाल्ट म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचाच दगड, तेवढा खांब बाबा न सांगता ओळखतील. नवीन भागांत आरसीसीही भरपूर आहे, आणि यावरून तिथे शुद्धतावाद्यांचे वाद होतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, पण मी त्याच धंद्यातली आहे.

उंचीचं बाबा विचारतीलच. येशूचा मधला मनोरा १७२.५ मीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये काम चालू असतानाच जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून हे जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं. शहरातल्या माँजुइक टेकडीपेक्षा तो थोडा कमी ठेवलाय, कारण माणसाचं काम देवाच्या कामाहून उंच नको, असं गौदीचं म्हणणं होतं.

बाहेरचं पटकन सांगते. येशूच्या जन्माच्या देखाव्याची बाजू ईशान्येची, ती बरीचशी गौदीच्या हयातीतली. तिच्या खांबांच्या पायाशी दोन कासवं आहेत, समुद्राकडे समुद्री आणि डोंगराकडे जमिनीवरचं. समोरच्या बागेत तळं आहे, फोटो तिथून घ्या. उलट्या बाजूच्या मूर्ती सुबिराक्स या शिल्पकाराच्या, टोकदार आणि कोरड्या. माझ्या आईला त्या मुळीच आवडल्या नाहीत, मला आवडल्या.

मनोऱ्याचं वेगळं तिकीट आईबाबांसाठी घेऊ नका. वर लिफ्ट नेते, पण उतरताना अरुंद गोल जिना आहे आणि गुडघे तिथे बोलायला लागतात. तिकीट अधिकृत साइटवरूनच काढा. खांदे झाकलेले असू द्या. मेट्रोचं स्टेशन चर्चच्याच नावाचं आहे, एल-२ आणि एल-५ दोन्ही तिथे थांबतात, आणि गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

आणि खालचं म्युझियम सोडू नका, तिथे सगळ्यात जास्त वेळ बाबांचाच जाईल. दोऱ्या आणि वजनाच्या लहान लहान पिशव्या टांगून केलेलं उलटं मॉडेल आहे. ही पद्धत गौदीनं शहराबाहेरच्या कोलोनिया ग्युएल इथल्या चर्चसाठी वापरली होती. टांगलेली दोरी फक्त ताण घेते, तोच आकार उलटा केला की दगड फक्त दाब घेतो, आणि दगडाला दाबच झेपतो. कॉम्प्युटर नसताना केलेलं ॲनालिसिस आहे ते. म्हणून तीनला आत शिरलात तर रंग आधी बघून घ्या आणि ऊन उतरायच्या आत नाही, उतरल्यावर खाली जा. म्युझियमला वेळ पुरावा म्हणून शेवटच्या वेळेचं तिकीट मात्र काढू नका.