‘नटसम्राट’ पाहिलं की पाहिला? एकाच नावाचे चित्रपट, मालिका आणि मराठी क्रियापद

प्रश्न असा आहे: चित्रपटांच्या एका यादीला ‘देवदास हे सामायिक नाव असलेले चित्रपट’ असा मथळा दिलेला आहे. ‘सामायिक नाव’ हे बरोबर मराठी आहे का? त्याऐवजी ‘नामसाधर्म्य’ हा शब्द चालेल का? आणि चित्रपटाचं नाव बाईचं असेल तर ‘उमराव जान पाहिला’ म्हणायचं की ‘पाहिली’?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर लवकर आटपतं. खरी गंमत तिसऱ्यात आहे.

‘सामायिक’ शब्द मराठीच आहे, पण इथे तो चुकीच्या जागी बसलाय. भिंत सामायिक असते, विहीर सामायिक असते, प्रवेश परीक्षाही सामायिक असते. वस्तू एकच, आणि तिच्यावर अनेकांचा हक्क, तोही ठरवून दिलेला, असा त्या शब्दाचा वापर आहे. चित्रपटाच्या नावाचं उलटं आहे. नुसत्या नावावर सहसा कुणाचाच हक्क नसतो. ‘देसी बॉइज’च्या शीर्षकावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसं स्पष्टच सांगितलं: शीर्षकाला कॉपीराइट नाही. निर्मात्यांच्या संघटना नावं नोंदवून घेतात, पण ती त्यांच्या सभासदांमधली आपसातली व्यवस्था झाली. त्यामुळे ‘सामायिक नाव’ वाचलं की सगळे निर्माते भागीदारीत ते नाव वापरताहेत असं वाटतं. साधं ‘देवदास नावाचे चित्रपट’ म्हटलं की काम होतं.

एवढंच की ‘नावाचा’ हा शब्द थोडा जपून वापरावा. ‘शोले नावाचा एक चित्रपट होता’ असं कुणी लिहिलं, तर एक तर वाचक परग्रहावरून आलाय असं लिहिणाऱ्याला वाटतंय, नाहीतर तो टोमणा मारतोय. माहितीच्या चित्रपटाला ‘शोले हा चित्रपट’ पुरतं. नाव शीर्षकाचा एक तुकडाच असेल, म्हणजे ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ यांची यादी करायची असेल, तर ‘शीर्षकात मुन्नाभाई असलेले चित्रपट’ असं सरळ लिहावं.

आता ‘नामसाधर्म्य’. सधर्म म्हणजे ज्याचा गुणधर्म समान आहे तो, आणि साधर्म्य हे त्याचं भाववाचक नाम. उपमा अलंकाराच्या चर्चेत हा शब्द नेहमी भेटतो. काटेकोर माणूस म्हणेल की नाव सारखं असणं याला ‘नामसाम्य’ पुरे, त्यात गुणधर्म कशाला आणता? व्युत्पत्तीने त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ‘नामसाधर्म्यामुळे गोंधळ’ हे शब्द वर्तमानपत्रांनी इतके रुळवलेत की आता त्यांना हटकण्यात अर्थ नाही. माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. नावापलीकडे काहीही सारखं नसेल तिथेच हा शब्द वापरावा. ‘अंदाज’ नावाचा चित्रपट १९४९ मध्ये मेहबूब खान यांनी काढला, १९७१ मध्ये रमेश सिप्पी यांनी, आणि २००३ मध्ये आणखी एक आला. तिघांच्या कथांचा एकमेकींशी संबंध नाही. ‘क्रॅश’चं तसंच: १९९६चा क्रोनेनबर्गचा आणि २००४चा ऑस्कर मिळवणारा, दोघांची तोंडं दोन दिशांना. हे खरं नामसाधर्म्य.

‘देवदास’च्या बाबतीत तो शब्द लागूच होत नाही. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ची. तिच्यावर १९३६ मध्ये सैगलचा, १९५५ मध्ये दिलीपकुमारचा आणि २००२ मध्ये शाहरुखचा चित्रपट आला. मधले बंगाली, तेलुगू आणखी वेगळे. ही नावं योगायोगाने जुळलेली नाहीत, कथा एक म्हणून नाव एक. ‘डॉन’ १९७८ आणि ‘डॉन’ २००६ यांचंही तेच, दुसरा पहिल्याची पुनर्निर्मिती आहे. दोन सख्ख्या भावांच्या आडनावांत ‘साधर्म्य आढळलं’ असं आपण म्हणत नाही.

आता ‘पाहिला’ की ‘पाहिली’.

‘नटसम्राट’ घ्या. शिरवाडकरांचं नाटक रंगभूमीवर आलं १९७० मध्ये, आणि त्यावरचा महेश मांजरेकरांचा चित्रपट २०१६ मध्ये. आता ही दोन वाक्यं वाचा:

मी ‘नटसम्राट’ पाहिलं.
मी ‘नटसम्राट’ पाहिला.

पहिल्या वाक्यातला माणूस नाट्यगृहात बसला होता, दुसऱ्यातला चित्रपटगृहात. पहिल्याच्या डोळ्यांसमोर डॉ. लागू असण्याची शक्यता आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर नाना पाटेकर. ‘नाटक’ हा शब्द वाक्यात नाही, ‘चित्रपट’ही नाही, तरी मराठी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. जे नाम बोलणाऱ्याने गाळलं, त्याचं लिंग क्रियापदात राहून गेलं. नाटक नपुंसकलिंगी म्हणून ‘पाहिलं’, चित्रपट किंवा सिनेमा पुल्लिंगी म्हणून ‘पाहिला’. आणि मालिका, सिरीज, सीरियल हे तिन्ही शब्द मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘पाहिली’. तीन माध्यमं आणि तीन लिंगं. भाषेने हे ठरवून केलेलं नाही, पण वाटणी अशी चोख झाली आहे की एखाद्या समितीलाही जमली नसती.

परभाषेतल्या नावांवर तर हे फारच छान चालतं, कारण त्या नावांना मराठीत स्वतःचं लिंगच नसतं. कोएन बंधूंचा ‘फार्गो’ १९९६चा, त्यावरून निघालेली मालिका २०१४ पासूनची. ‘फार्गो पाहिला का?’ आणि ‘फार्गो पाहिली का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘वेस्टवर्ल्ड’ (चित्रपट १९७३, मालिका २०१६) आणि ‘मॅश’ (चित्रपट १९७०, मालिका १९७२ पासून) यांनाही हेच लागू. हिंदीला मात्र ही सोय नाही. तिथे फिल्मही स्त्रीलिंगी आणि सीरीजही स्त्रीलिंगी, म्हणून ‘फार्गो देखी’ म्हटल्यावर ‘कौन सी?’ विचारावंच लागतं. अलीकडे मराठीतही ‘शोले पाहिली’ कानावर येतं. त्यात हिंदीचा वाटा आहे, आणि ‘चित्रपट’ऐवजी मनात ‘फिल्म’ हा शब्द असण्याचाही. त्याला चूक म्हणणार नाही, पण हातातलं एक चांगलं हत्यार त्यामुळे बोथट होतं एवढं खरं.

म्हणून ‘उमराव जान पाहिला’ हेच मराठीच्या वळणाचं. नाव बाईचं आहे याने फरक पडत नाही, कारण ‘पाहिला’ हे चित्रपटाबद्दल आहे. ‘मदर इंडिया’ही आपण ‘पाहिला’च म्हणतो. यातून आणखी एक बारकावा निघतो. ‘उमराव जान’ दोन आहेत: १९८१चा मुझफ्फर अलींचा आणि २००६चा जे. पी. दत्तांचा. बोलताना आपण त्यांना नायिकांच्या नावांनी वेगळं करतो. आता ‘रेखाचा उमराव जान’ आणि ‘रेखाची उमराव जान’ यांत काय फरक? ‘रेखाचा’ म्हणजे तो चित्रपट. ‘रेखाची’ म्हणजे तिने उभी केलेली ती व्यक्तिरेखा. ‘रेखाचा उमराव जान मला लांबलेला वाटला, पण रेखाची उमराव जान विसरता येत नाही’ हे वाक्य मराठीत कुठेही अडखळत नाही. ‘देवदास’मध्ये ही सोय नाही, कारण तो माणूसही पुल्लिंगी आणि चित्रपटही. ‘दिलीपकुमारचा देवदास’ म्हणजे चित्रपट की भूमिका, हे पुढच्या वाक्यावरून ओळखायचं.

नियम इतका देखणा आहे म्हटल्यावर अपवाद असणारच. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या दूरदर्शनवरच्या मालिका, पण ‘रामायण लागली’ असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? ‘लागलं’च. नवीन महाभारत, जुनं महाभारत. मग मूळ शब्द नपुंसकलिंगी असला की तो तसाच राहतो, असं म्हणावं तर ‘सिंहासन’ आडवं येतं. तोही शब्द नपुंसकलिंगी, तरी जब्बार पटेलांचा १९७९चा ‘सिंहासन’ आपण ‘पाहिला’. मला याचं कारण असं दिसतं: ‘सिंहासन’ हा चित्रपट म्हणजे बसायचं आसन नव्हे, तिथे शब्द फक्त नावापुरता आहे. मालिकेतलं रामायण मात्र बघणाऱ्याच्या दृष्टीने रामायणच असतं. गोष्ट तीच, मग तिचं लिंग कशाला बदलायचं?

‘श्यामची आई’ या दोहोंच्या मधे लोंबकळते. अत्र्यांचा १९५३चा चित्रपट, त्याच नावाचा २०२३चा चित्रपट, आणि दोन्हींच्या मुळाशी साने गुरुजींचं पुस्तक. पुस्तक वाचलं, चित्रपट पाहिला, हे नियमाप्रमाणे. पण ‘श्यामची आई पाहिली’ म्हणणारेही भरपूर आहेत, आणि त्यांनी चित्रपट पाहिलेला नसून आईच पाहिलेली असते, असं समजून सोडून द्यावं. ‘कट्यार काळजात घुसली’ची अडचण निराळी आहे. दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, सुबोध भावेंचा चित्रपट २०१५चा. शीर्षक लांब म्हणून सगळे नुसतं ‘कट्यार’ म्हणतात, आणि एकटा पडलेला तो शब्द आपलं स्त्रीलिंग पुढे रेटतो: ‘कट्यार पाहिली’. मग नाटक की चित्रपट हे तोंडाने सांगावं लागतं.

शिवाय क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नसेल तिथे ही युक्ती चालत नाही. ‘मी फार्गो बघतोय’ यातून काही कळत नाही. अशा वेळी ‘फार्गो ही मालिका’ असं लिहून मोकळं व्हावं.

प्रश्नात नव्हतं, पण अशा लेखनात हमखास चुकतं ते विभक्तीचं. ‘पिंजरा’ हा व्ही. शांताराम यांचा १९७२चा चित्रपट, आणि पुढे याच नावाची मालिकाही आली. ‘पिंजऱ्यात संध्या आहे’ असं लिहिलं तर वाचक किल्ली शोधायला लागेल. ‘पिंजरा’मध्ये संध्या आहे, किंवा ‘पिंजरा’त आहे, असं लिहायचं. अवतरणचिन्हातला शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि प्रत्यय बाहेर जोडायचा. ‘सामना’त डॉ. लागू आणि निळू फुले आहेत. ‘सामन्यात’ म्हटलं की ते क्रिकेट झालं. हा नियम छपाईवाल्यांनी वरून लादलेला नाही, माणसांच्या नावांना मराठी हेच करते. भूमितीतली रेखा असेल तर ‘रेखेचा’, पण अभिनेत्री असेल तर ‘रेखाचा’. शीर्षक हे विशेषनाम, त्यामुळे तेही माणसाच्या नावासारखं न बदलता राहतं. अवतरणचिन्हं बोलताना दिसत नाहीत, तरी ‘पिंजरामध्ये’ ऐकल्यावर चित्रपटच कळतो, तो यामुळे.

राहिला प्रश्न एकाच माध्यमातल्या दोन सारख्या नावांचा. तिथे लिंग मदतीला येत नाही. ‘जुना’ आणि ‘नवा’ हे टिकाऊ नाहीत. २००६चा ‘नवा डॉन’ अजून किती दिवस नवा राहणार? दिग्दर्शकाचं नावही दर वेळी पुरत नाही. ‘बिमल रॉय यांचा देवदास’ म्हणजे अर्थातच १९५५चा, पण १९३६च्या ‘देवदास’चं छायाचित्रणही त्यांचंच होतं. लेखात सर्वांत भरवशाचं साल: १९५५चा ‘देवदास’, किंवा यादीत ‘देवदास’ (१९५५). यात ‘सालचा’ घातलं नाही तरी चालतं, मात्र ‘१९५५ देवदास’ असं प्रत्ययाविना लिहू नये, ते मराठी वाटत नाही. सालही कधी कधी दगा देतं. २०२२ मध्ये दोन ‘पिनोकिओ’ आले, एक डिस्नीचा आणि एक गिलेर्मो देल तोरोचा. ‘२०२२चा पिनोकिओ’ म्हणून भागत नाही, आणि ‘डिस्नीचा पिनोकिओ’ म्हणावं तर डिस्नीचाच १९४०चाही आहे. तिथे ‘डिस्नीचा २०२२चा पिनोकिओ’ अशा दोन षष्ठ्या एकामागे एक लावाव्या लागतात. कानाला जरा खडखडतं, पण चूक नाही.