पुढे काय झालं?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा चिडून. कौतुक याचं, की घरातलं निम्मं सामान तू वाटून टाकलंस, नको ती खरेदी थांबवलीस आणि मोकळा झालेला वेळ चांगल्या कामांबद्दल लिहिण्यात घालवतेस. चीड याची, की एवढ्याशा काळात भटकी कुत्री, रक्तदान, नदीची सफाई, वृद्धाश्रम, मुलींचं वसतिगृह, नेत्रदान असं सगळं लिहून मोकळी झालीस आणि आता मला विचारतेस, "ताई, यातलं माझं काम कोणतं? आणि मी लिहून काही होतं का?"

पहिल्याचं उत्तर मी कशी देणार? दुसऱ्याचं तूच शोधायला हवं होतंस. त्या वसतिगृहासाठी तू गाद्या मागितल्यास. आल्या का? किती आल्या? मुली आता कशावर झोपतात? तुझ्या पुढच्या लेखात मी ते शोधत होते, तर तिथे नदी होती.

लिहून काही होतं का, हे कळायचा मला एकच रस्ता सापडला. परत जायचं, विचारायचं आणि पुढे काय झालं ते लिहायचं. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

रक्ताच्या आवाहनांचंच घे. 'तातडीने रक्त हवं आहे' असा निरोप फिरतो. त्यात रुग्णाचं नाव असतं, नातेवाइकाचा नंबर असतो, फक्त तारीख नसते. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा या जगात राहिलेला नसतो, आणि त्या घरातला फोन वाजतच राहतो. 'रक्त मिळालं, आता फोन करू नका' एवढी एक ओळ मागोमाग धाडायला कितीसे कष्ट पडतात? आवाहन पुढे पाठवणारे शेकडो असतात, ती ओळ लिहायला कोणी उरत नाही.

उत्साहाचंही तसंच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत रक्त द्यायला रांगा लागल्या. जखमींना त्यातलं फार थोडं लागलं. साठवलेल्या लाल पेशी टिकतात जास्तीत जास्त ४२ दिवस, प्लेटलेट्स तर पाच ते सात दिवस. मुदत उलटल्यावर बरंच रक्त टाकून द्यावं लागलं. या आकड्यांवरून तुझ्या लक्षात आलंच असेल की आज हजार जणांनी दिलेल्या रक्तातल्या या पेशी तीन महिन्यांनी येणाऱ्या रुग्णाच्या उपयोगाच्या नाहीत. तुझा रक्तदानावरचा लेख मोठ्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आला. तेव्हा सगळेच लिहीत होते. गर्दी ओसरल्यावर, कोणाला आठवणही नसताना तो आला असता तर जास्त कामाचा होता. पण त्यासाठी रक्तपेढीत परत जाऊन 'आता कसं चाललंय?' असं विचारावं लागतं.

आता एक मोठी गोष्ट सांगते, कारण ती मी कधीच विसरत नाही. दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाचा एक पंप निघाला. मुलांच्या खेळातलं गोल फिरणारं चक्र पंपाला जोडलेलं. मुलं खेळणार, पाणी टाकीत चढणार आणि टाकीवरच्या जाहिरातींतून दुरुस्तीचा खर्च निघणार. २००५ मध्ये एमी कॉस्टेलो या अमेरिकी पत्रकाराने टीव्हीवर त्याची कौतुकाची बातमी केली. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी देणगीदार मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर देणार असल्याचं जाहीर झालं. २०१० पर्यंत ४ हजार पंप बसवायचे, असा संकल्प होता. कोणालाही आवडेल अशीच कल्पना होती ती. मलाही आवडली असती, तुलाही. तू तर त्यावर दोन लेख लिहिले असतेस.

मग कॉस्टेलो मोझांबिकला गेल्या. तिथे बंद पडलेले पंप होते, महिनोन्महिने दुरुस्तीला कोणी फिरकलेलं नव्हतं, जाहिरातींचे फलक कोरे होते आणि मुलं नसताना ते जड चक्र बायका हाताने ढकलत होत्या. एका इंग्रजी वृत्तपत्राने तर हिशेब मांडला होता की ठरवलेल्या माणसांना पुरेल एवढं पाणी काढायचं, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. २०१० मध्ये कॉस्टेलोंनी हे सगळं दाखवणारी दुसरी बातमी केली. या पंपांमध्ये पैसा घातलेल्या 'केस फाउंडेशन' या अमेरिकी देणगीदार संस्थेनेही काम अपेक्षेप्रमाणे झालं नाही, हे त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं.

पहिली बातमी कोणीही केली असती. दुसरी करायला त्याच बाईंना परत जावं लागलं. त्यांनी दुसरी केली नसती, तर पहिलीचं मोल माझ्या लेखी शून्य होतं. हे कठोर वाटतंय ना? वाटू दे.

माझंही सांगते. फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं मागितली होती. लोकांनी भरभरून दिली, फोटो निघाले, माझं कौतुक झालं. वर्षभराने मी न सांगता तिथे गेले. पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या शिक्षकांच्या काळापासून सापडत नव्हती. खरं कारण हळूहळू कळलं. साठा नोंदवहीत चढला होता आणि एक पुस्तक हरवलं तरी ज्याच्या नावावर साठा, त्याला भरपाई द्यावी लागणार होती. मग कोण मुलांच्या हातात पुस्तक देईल? शिक्षक वाईट नव्हते, घाबरलेले होते. मी तसंच लिहिलं. देणगीदार संतापले, शाळा संतापली, 'बाई उकरून काढते' असं नाव पडलं ते आजतागायत. पण तो लेख वाचून एक निवृत्त ग्रंथपाल पुढे आल्या. थोडी पुस्तकं हरवणार, फाटणार हे आधीच धरून चालणारी नोंदीची पद्धत त्यांनी घालून दिली आणि कपाट उघडलं. मुख्याध्यापक माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं. पण लिहिलं ते बरोबर होतं आणि पुन्हा वेळ आली तर तेच लिहीन.

तू म्हणशील, ताई आपलंच घोडं पुढे दामटतायत. दामटतेच आहे. या वयात दुसऱ्या कोणाचं दामटू?

आता तुझ्या साधेपणाबद्दल. तू लिहितेस की वस्तू कमी केल्यावर मन हलकं झालं. होत असेल. मला साधेपणा लागला तो वेळेसाठी, कारण परत जायला वेळ लागतो. पहिला लेख एका भेटीत होतो. दुसऱ्यासाठी चार चकरा पडतात, त्यातल्या दोन वेळा भेटायचं ते माणूस जागेवर नसतं. हा वेळ आणायचा कुठून? मी समारंभांना जाणं सोडलं, समित्यांवरची नावं काढून घेतली, एका वेळी दोन-तीन कामांपलीकडे होकार देणं बंद केलं. तू कपाट रिकामं केलंस आणि डोक्यात सतराशे साठ कामं भरून ठेवलीस. वस्तू देऊन टाकणं त्यामानाने सोपं, घेणारा निदान आभार तरी मानतो. नकार दिल्यावर कोणी आभार मानत नाही. कुत्र्यांसाठी काम करणारी तुझी मैत्रीण रुसेल. रुसू दे. तिच्या कामावर एकदा लिहून तू परत फिरकली नाहीस, हे तिला त्याहून जास्त लागलं असणार.

कापडी पिशव्या विकणारी एक कंपनी तुला लेखाचे पैसे द्यायला तयार आहे, असं तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस. माझ्या नजरेतून सुटेल असं वाटलं का? २०११ साली इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा हवामानावरचा भार कमी व्हायचा, तर ती १३१ वेळा वापरावी लागते, असा त्यांचा हिशेब. म्हणजे पिशवी वाईट नाही, नवी पिशवी घेत सुटणं वाईट. तुझ्या वाचकांच्या घरी दाराच्या खिळ्याला आधीच पाच-सहा लटकत असतील. 'जुनीच १३१ वेळा वापरा' असं लिहायला ती कंपनी पैसे देते का, विचारून बघ. पैसे घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. घेतलेस तर पहिल्या ओळीत तसं लिही आणि 'वर्षाने या पिशवीचं काय झालं तेही लिहीन' अशी अट घाल. बहुतेक तिथेच बोलणं संपेल.

करायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आवाहन लिहिलंस की त्याच दिवशी परत जायची तारीख वहीत टाक. आवाहनाच्या खालीच लिही, 'याचं काय झालं ते अमुक महिन्यात सांगेन.' एकदा छापून गेलं की पळवाट उरत नाही. गेल्यावर विचार: काय आलं, काय वापरात आहे, काय पडून आहे आणि काय मागायलाच नको होतं. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग खरं बोलायला लागतो. लेखापरीक्षण झालेला जमाखर्च जरूर माग, पण तेवढ्यावर समाधान मानू नकोस. जमाखर्चात गाद्या विकत घेतल्याचं दिसतं, त्यावर कोण झोपतं ते दिसत नाही.

संस्थेने दिलेला आकडाही जसाच्या तसा उचलू नकोस. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावल्याचं जाहीर झालं. जगभर बातम्या आल्या. दोन-तीन महिन्यांतच तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेने सांगितलं, आम्ही पाहिलेल्या ठिकाणी नव्वद टक्क्यांपर्यंत रोपं मेली आहेत. सरकार म्हणालं, साफ खोटं, बहुतेक सगळी जिवंत आहेत. आता खरं कोणाचं? हे ठरवायला भाषण येणारा माणूस कामाचा नाही, वाकून रोपं मोजणारा लागतो. तू पुढच्या पावसाळ्यात वृक्षारोपणावर लिहिणारच आहेस, मला माहीत आहे. लिहायच्या आधी मागच्या पावसाळ्यातली रोपं मोजून ये. रोप लावल्यावर पहिला उन्हाळा ते कोणाच्या भरवशावर काढणार आहे, त्या माणसाशी बोल. लावणाऱ्यांचे फोटो पुष्कळ आहेत.

वाचक कंटाळतात, ही तुझी भीती खरी आहे. आवाहनाच्या लेखावर लोक हळहळतात. 'पुढे काय झालं' या लेखाला तेवढी गर्दी होत नाही. माझ्याकडेही कधी झाली नाही. संपादक म्हणायचे, "ताई, तोच विषय पुन्हा?" मी म्हणायची, विषय तोच आहे, बातमी नवी आहे. काहींनी छापलं, काहींनी नाही. मात्र जे थोडे वाचक टिकले, ते विचारून देणारे निघाले. 'तुम्ही परत जाता म्हणून आम्ही देतो' असं एकाने लिहिलं होतं. ते पत्र मी जपून ठेवलंय.

खंत आहे, नाही असं नाही. मला कथा लिहायच्या होत्या. सुरू केलेल्या दोन-तीन अजून पडून आहेत. पाठपुरावा माणसाचा वेळ खातो आणि भाषाही खातो. सतत 'किती आल्या, किती उरल्या' असं लिहून वाक्यातला रस आटत जातो. या पत्रातही तुला ते जाणवलं असेल. तुझी भाषा अजून ओली आहे, ती सांभाळ. महिन्यातून एखादं असं काही लिही, ज्याचा कोणालाच काही उपयोग नाही. मी ते केलं नाही. त्या वर्षांत दुसरं काही करायला हवं होतं, असं मात्र मला कोणी सांगू नये.

आणखी एक. परत जाशील तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांना तो लेख वाचून दाखव. वसतिगृहातल्या मुलींना तू 'बिचाऱ्या' म्हटलं आहेस, तेही तीनदा. तो शब्द त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता येतो का बघ. फोटो छापलास त्या मुलीला विचारलं होतंस का? तिच्या वर्गातल्या मुलांनी तो पाहिला असेल तर तिचं काय झालं? पुढे काय झालं यात हेही येतं. गाद्या मोजणं त्यापुढे सोपं आहे.

काम कोणतं निवडायचं, ते आता तूच बघ. लिहून झालेल्यांपैकी कुठे परत जायची तुला लाज वाटते, तिथे आधी जा.

तुझी,
ताई

ता. क. टोपणनावाने लिहू का, असं विचारलं होतंस, ते राहिलंच. नको. गादी देणाऱ्याला उद्या तुला जाब विचारावासा वाटला, तर कोणाला विचारायचं ते त्याला माहीत असावं. घरच्यांना फारच काळजी वाटत असेल तर आडनाव गाळ.